सडक ओलांडून गेलेलं घर

आमच्या घराच्या भिंतीवर लाल बाण काढला तेव्हा मी भिंतीच्या आतल्या बाजूला भाकरी थापत होते. बाहेरून ब्रशाचा खसखस आवाज आला. मला वाटलं, पाठीमागच्या घरच्या बसंतीची बकरी अंग घासत असेल. बाहेर येऊन बघते तर पिवळी टोपी घातलेला एक पोरगा हातात रंगाचा डबा घेऊन मान वाकडी करून माझ्या भिंतीकडे पाहत होता. जसं काही त्यानं तिथं देवाचं चित्र काढलं.

"काय रे, कोणाले विचारून रंगवतं?"

"आजी, सडक रुंद होऊन राह्यली. तुमचं घर सडकेत येते."

"घर कुठंच नाही येत, बाप्पा. ते हाये तिथंच हाये. सडक त्याच्या आंगावर येऊन राह्यली. नीट बोल."

त्याचं नाव अमर. नेरकडचा, सडकेच्या कामावरचा सुपरवायझर. पोरगा वाईट नव्हता, खोटं कायले बोलू? मी पाणी दिलं तर टोपी काढून प्याला. पण बाण काढून गेला तो गेलाच.

घर जाणार हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझा पोरगा संजय, त्यानं सह्या कधीच करून ठेवल्या होत्या. सडकेच्या त्या बाजूला आमचं शेत आहे, तिथं त्याचं स्लॅबचं घर चालू होतं. चालू म्हणजे काय, जमिनीतून कॉलम निघालेले आणि त्यांच्या डोक्यावर लोखंडाच्या सळ्या. लांबून बघितलं तर कोणी कापसाच्या पऱ्हाट्या उलट्या रोवल्यासारखं दिसे. त्या घराला भिंती यायला दिवाळी लागली असती. आणि आमच्या रंजिताचं, संजयच्या पोरीचं, लगन होतं वैशाखात.

मी अमरला एकच विचारलं, "वैशाखाच्या आधी मशीन येते का नंतर?"

"आधी, आजी. पाऊस लागाच्या आत भराव टाकायचा हाये."

माझं सगळं भांडण एवढ्याचंच होतं. सडकेशी माझं काही वैर नव्हतं.

आता ज्यांना आमच्या गोरमाटी, म्हणजे बंजारा, लोकांची रीत माहीत नाही त्यांना सांगते. आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा तिला बैलाच्या पाठीवर उभी करतात. बसवत नाहीत, उभी करतात. ती बापाच्या घराकडे तोंड करते, दोन्ही हात वर करते, आणि गात गात घराला आशीर्वाद देते. की बाई, मी चालले, तू भरलेलं राहा, तुझ्या दारी गाई-वासरं राहू दे, माझ्या भावाचा वेल वाढू दे. ह्याला हवेली म्हणतात. मी म्हटली, माझ्या आईनं म्हटली, माझ्या नणंदांनी तर ह्याच दारापुढे म्हटली. रंजिता यवतमाळला दवाखान्यात नर्स आहे, इंजेक्शन देते, स्कूटीवर फिरते, पण हवेली तिनं माझ्यापाशी बसून घोटून घोटून पाठ केली होती. तिचा गळा माझ्यावर गेला. बाकी सगळं आईवर गेलं, चालायचंच.

तर आता सांगा. पोरगी आशीर्वाद कोणाला देणार? मशीननं सपाट केलेल्या मुरमाला?

संजयनं तोड काढली. त्याच्याकडे तोड नेहमी तयार असते, डोकं तेवढं नसते. आमच्यात आईला याडी म्हणतात.

"याडी, दारव्ह्याले हॉल घेऊ. एसी हाये, पार्किंग हाये, जेवणाचं त्यायचंच. तुले चुलीजवळ बसाचं काम नाही."

"अन् हवेली?"

"ते गेटापुढं म्हणल ना. मस्त लायटिंग राहते."

रंजिता भाजी निवडत होती. तिनं वर न बघता विचारलं, "बाबा, बैल पार्किंगमधी लावाचा का एसीत?"

मी हसले. संजय नाही हसला. म्हणाला, "तुमी दोघी मजाक करा. नवरदेवाकडचे लोक शिकलेले हायेत. ह्या कवेलूच्या घरापुढं त्यायले उभं करायची मले लाज वाटते."

हे ऐकून रंजितानं हातातली भाजी खाली ठेवली. "बाबा, मी हवेली म्हणीन तं आपल्या घरापुढं म्हणीन. भाड्याच्या गेटाले मी काय आशीर्वाद देऊ, की बाई तुह्यं बुकिंग वाढू दे? नाही तं म्हणतच नाही. मुक्यानं गाडीत बसून निघून जातो."

मुक्यानं! आमच्या घरची पोरगी मुक्यानं जाणार. मी त्या दिवशी जेवले नाही. म्हणजे दुपारी जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी नळावर बसंती भेटली. बसंती म्हणजे माझ्या धाकट्या दिराची बायको, माझी जाऊ. घर माझ्या पाठीमागचंच. देवानं तिला जीभ दिली आणि काम दिलं नाही.

"जाऊबाई, आयकलं ते खरं का? रंजी आता हॉलच्या वॉचमनले आशीर्वाद देऊन जाणार म्हणते."

"तुही बकरी बांधत जाय, बसंती. माह्या भिंतीले घासते."

"आता भिंतच राहत नाही, तं बकरी कायले घासते?"

मी भरलेली घागर उचलली आणि चालू लागले. बसंतीपुढून असं निघून जाणं काय असतं ते जिला जाऊ आहे तिलाच कळेल.

आता त्या घराबद्दल दोन शब्द सांगते, नाही तर पुढचं समजणार नाही. ते माझ्या सासऱ्यानं बांधलं, आणि माझा नवरा फुलचंद, जो आता नाही, तेव्हा त्याच्या हाताखाली होता. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर हिंडायचे. त्याला लदेणी म्हणत. सासऱ्याचा जन्म तसाच वाटेवर झालेला. पुढे जमीन मिळाली, तांडा बसला, पण म्हाताऱ्याचं मन काही बसलं नाही. घर सागाचं केलं, पण एक खांब जमिनीत पुरू दिला नाही. प्रत्येक खांबाखाली एक दगड, त्या दगडावर खांब नुसता टेकलेला. वरची लाकडं एकमेकांत खाचा पाडून बसवलेली आणि लाकडाच्याच खुंट्या ठोकलेल्या. लोखंडाचा एक खिळा नाही. भिंती तुराट्यांच्या कुडाच्या, वरून शेणमातीनं लिंपलेल्या. त्या नुसत्या खांबांना बांधलेल्या. डोक्यावर कवेलू, म्हणजे मातीची कौलं. सासऱ्याचा भाऊ तेव्हा तांड्याचा नायक, तर लोक विचारायचे, काय नायकाच्या भावा, कुठं निघाला का? म्हातारा म्हणायचा, "अजून तरी नाही."

लोक हसायचे. मीही नवी नवरी असताना पदराआड हसले होते.

घर रिकामं करायला लागलो तेव्हा संजयनं पहिली माझी खाट काढली. सागाची, जुनी, हत्तीसारखी. ती दारातून निघेना. संजय म्हणाला, सोडू का खोलून? मी म्हटलं, खबरदार. एकदा खोलली की परत बसवणारा सुतार कुठून आणतं? आताचे सुतार ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवतात. मग चार पोरांनी ती आडवी केली, तिरपी केली, कशी तरी काढली आणि चौघांनी चार कोपरे खांद्यावर घेऊन सडकेपलीकडे नेली. वर माझी गोधडी परत टाकलेली. उशीही ठेवलेली. पोरांच्या खांद्यांवर खाट डुलत डुलत चालली आणि मी दारात उभी राहून बघत होते.

चार पाय. चार पायांना धरून ठेवणारी चौकट. चौकटीला खुंट्या. जमिनीत काही रोवलेलं नाही.

मी मागं वळले आणि घराकडे बघितलं. मग परत खाटेकडे बघितलं.

पदर खोचला आणि सरळ नायकाच्या घरी गेले. भीमराज नायक, आमच्या तांड्याचा कारभार त्याच्या हातात. नात्यानं दीर लागतो, मला भोजाई म्हणतो. ओसरीत बसून दाढी करत होता.

"नायक, माह्यं घर उचलाचं हाये."

"मशीन येणार ना सोमवारी. ते उचलते."

"मोडाचं नाही म्हणून राह्यली मी. उचलाचं. खाटेवाणी. सडकेच्या तिकडं नेऊन ठेवाचं."

त्याच्या अर्ध्या गालाला साबण होता. तो तसाच माझ्याकडे बघत राहिला. "भोजाई, तुमाले ऊन लागलं काय?"

"ऊन तुमच्या डोक्याले लागलं. तुमच्या आज्यानं सकाळी हाक मारली की दुपारपर्यंत आख्खा तांडा बैलावर राहे. लेकरं, कोंबड्या, जातं, समदं. अन् तुमाले एक घर सडक वलांडून नेता येत नाही? मंग तो फेटा डोक्यावर कायले बांधता? टक्कल झाकाले?"

"तेवढे माणसं कुठून आणाचे?"

"तांड्यात नंगारा हाये ना? का तोही विकला?"

नंगारा म्हणजे आमचा मोठा ढोल. होळीला आणि लगनाला वाजतो, आणि तांड्यावर संकट आलं की वाजतो. तो वाजला की ज्याच्या हातात जे आहे ते टाकून यायचं, ही रीत. नायकानं वस्तरा खाली ठेवला. साबण वाळून चालला होता. मग म्हणाला, "रविवारी सकाळी. पण पडलं तं माह्या नावानं बोंबलू नका."

"पडलं तं मी त्याच्याखाली राहीन. बोंबलाले जागाच नाही राहत."

संजयला सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. "याडी, लोक व्हिडिओ काढतील."

"काढू दे. साडी चांगली नेसतो."

रविवारी उजाडलं तसा नंगारा वाजला. मला वाटलं, येतील पाच-पंचवीस. पण बाप्पा, कुठून कुठून आले! पुण्याला कामाला गेलेली पोरं लगनसराईसाठी आली होती, ती आली. शाळेचा मास्तर आला. ज्याच्याशी आमचा शेताच्या धुऱ्याचा, बांधाचा, वाद, तोही आला, आणि आल्या आल्या म्हणाला, "बोलणार नाही मी, पण उचलीन."

आधी कवेलू उतरवायचे होते. ते बायांचं काम. घरापासून सडकेपलीकडे बायांची रांग लागली आणि कवेलू हातोहात चालले. रांगेत सगळ्यात पुढं, शिडीच्या पायाशी कोण? बसंती.

"तू कशी आली व?"

"तुमच्यासाठी नाही आली. रंजी माह्याही मांडीवर मुतली हाये. अन् हात चालवा, जाऊबाई, तोंड मंग चालवजा."

तिनं एक कवेलू फुटू दिला नाही. हे मी सांगून ठेवते, कारण तिच्याबद्दल चांगलं बोलायची वेळ पुन्हा येईल की नाही, सांगता येत नाही.

मग कुडाच्या भिंती सोडल्या. लाल बाणाची भिंतही तशीच सोडून उभीच्या उभी नेली. अमर तोपर्यंत मोटरसायकलवर आला होता. त्यानं बघितलं, त्याचा बाण सडक ओलांडून चाललेला. म्हणाला, "आजी, मशीन बोलावू का? पट्टे लावून अलगद उचलून देतो. मी डायवरले सांगतो."

"त्या मशीनचा हात लागला तं घर मशीनचं होते. माणसाचे हात लागू दे. तुले दोन हायेत ना? टोपी ठेव बाजूले."

नायक तिकडे शेतात खांबांसाठी नवे दगड मांडत होता. पहिला दगड नायकानं ठेवायचा असतो. आणि त्यात काय बघायचं, असं म्हणून मी तिकडे गेले नाही. मी इकडे घराच्या सांगाड्यापाशी होते. भिंती आणि कवेलू निघाल्यावर घर असं दिसत होतं जसं म्हातारं माणूस आंघोळीला बसलेलं. नुसती हाडं, पण एकही वाकलेलं नाही.

कमरेच्या उंचीवर खांबांना आडवे बांबू बांधले. बांबूला माणसं लागली, खांबांना माणसं लागली. नंगारा थांबला. नायक आला, हात वर केला. नंगाऱ्यावर टिपरू पडलं आणि सगळ्यांनी एकदम जोर लावला.

घर उठलंच नाही.

एका बाजूनं वर आलं आणि ओसरीच्या कोपऱ्याला तसंच अडकून बसलं. लाकडं करकरली. "खाली! खाली ठेवा!" नायक ओरडला. लोकांनी सोडलं. सगळ्यांचे चेहरे उतरले. पाठीमागून कोणी तरी हळू म्हणालं, म्हाताऱ्या लाकडाचं काही खरं नाही.

मी वाकून बघितलं. ओसरीच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या पायाला सिमेंट. मागच्या साली संजयनं ओसरीत फरशी टाकली होती, चकचकीत, मोबाईलमध्ये फोटो चांगले येतात म्हणून. आणि त्या कोपऱ्यात उरलेलं सिमेंट खांबाच्या भोवती ओतून दिलं होतं, मजबूत व्हावं म्हणून. म्हाताऱ्यानं जे घर जन्मभर जमिनीला चिकटू दिलं नाही, त्याचा पाय माझ्या पोरानं धरून ठेवला होता.

"संजय!"

तो सडकेच्या कडेला उभा राहून व्हिडिओ काढत होता. लोकांनी काढायच्या आधी त्यानंच काढायला घेतला होता.

"तो मोबाईल खिशात घाल अन् सब्बल आण. तुह्या आज्याचा पाय सोडव."

सगळे हसले. संजयचा चेहरा लाल झाला. पण सब्बल, म्हणजे पहार, आणली. गुडघ्यावर बसला आणि ते सिमेंट फोडायला लागला. आधी रागानं मारत होता. मग खांबाला लागेल म्हणून जपून मारायला लागला. शेवटी सब्बल ठेवून हातानं खपल्या काढू लागला. खाली सासऱ्याचा दगड दिसला. काळा, गुळगुळीत, जसा ठेवला तसा. त्यावर टेकलेला खांबाचा पाय वाळवीनंही चाखला नव्हता. संजयनं त्या लाकडावर तळहात ठेवला.

मग उठला आणि त्याच खांबाला खांदा लावून उभा राहिला. "नायक काका, वाजवा."

नंगारा वाजला.

आणि घर उठलं.

मी बघितलं ते सांगते. दगड जागच्या जागी राहिले आणि घराचे पाय त्यांच्यावरून उठले. आढं वर, वासे वर, आणि खाली सगळा तांडा. घराला इतके पाय फुटले की ते चालायला लागलं. धुऱ्याच्या वादवाला बोलला नाही, पण त्याच्या गळ्याच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. अमरनं बिनटोपीचं डोकं बांबूखाली घातलं होतं. ज्यांना लावायला जागा उरली नव्हती, ते नुसते शेजारी चालत "हळू, हळू" म्हणत होते, जसं काही त्यांच्या म्हणण्यानंच घर तोलून राहिलं.

सडकेवर आलो आणि नेरची एसटी आली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. समोरून घर येताना बघून तो हॉर्नवरचा हात काढायला विसरला. मी सडकेच्या मधोमध उभी राहिले, दोन्ही हात पसरून.

"थांब! घराले पहिले जाऊ दे."

"मावशी, टाइमिंग हाये माह्यं!"

"घराचंही टाइमिंग हाये. नात सासरी जाऊन राह्यली त्याची."

काय बोलले ते मलाही समजलं नाही, पण कंडक्टर खाली उतरला. तिकिटांची पेटी बाजूला सरकवली आणि बांबूला लागला. त्याला बघून पोरंटोरं उतरली, मग मोठी माणसं. एक धोतरवाले आजोबा उतरले आणि नुसता एका खांबाला हात लावून चालले, देवाच्या पालखीला लावतात तसा. एसटी रिकामी झाली. ड्रायव्हर एकटाच वर बसून राहिला, शेवटी त्यानंही इंजिन बंद केलं.

सडक ओलांडली. शेताच्या मातीत पाय रुतायला लागले, पण आता कोणी थांबेना. आणि नायकाच्या दगडांप्रमाणं घर शेतात अर्धं वळवून दगडांपाशी पोचतो न पोचतो तोच रंजिता ओरडली.

"दादी! दार उलटं!"

मी बघितलं. खरंच. नायकानं दगड उलटे मांडले होते. म्हणजे त्याच्या हिशेबानं सुलटेच. आमच्या तांड्यात सगळ्या घरांची दारं उगवतीकडे, आणि उगवतीकडेच सडक. जन्मभर त्यानं ओसरी सडकेच्या बाजूला बघितली, तर इथंही त्यानं ओसरीचे दगड सडकेच्या बाजूलाच ठेवले. पण आता आपण सडकेच्या पलीकडे आलो, हे काही त्याच्या फेट्याखाली शिरलं नाही. घराचं तोंड आता मावळतीकडे येणार होतं.

"अगागा," नायक म्हणाला. "भोजाई, आता काय करू? फिरवू का?"

फिरवायचं म्हणजे घर परत खाली ठेवा, दगड उचला, पुन्हा मांडा, पुन्हा उचला. माणसं बांबूखाली खांदे बदलत होती. संजयच्या खांद्यावरून शर्ट फाटला होता आणि तो डोळे मिटून उभा होता. बसंती कवेलूच्या ढिगावर बसलेली, तिला अशा वेळी गप्प राहवेल काय?

"मावळतीले दार! आख्ख्या तांड्याची दारं उगवतीले, अन् ह्यायचं एकीचं मावळतीले. आमच्या जाऊबाईचं, रुपीबाईचं, सगळंच उलटं."

मी मावळतीकडे बघितलं. समोर सडक. सडकेपलीकडे आमची जुनी जागा, नुसते दगड उरलेली. त्याच्यामागे सगळा तांडा, एकूण एक दार माझ्याकडे तोंड करून उभं. आणि मला दिसलं, रंजिता कुठं उभी राहणार ते. दार उगवतीला असतं तर पोरीला मागं शेतात ढेकळांवर उभं राहावं लागलं असतं आणि तांडा घराआड गेला असता.

"ठेवा!" मी ओरडले. "तसंच ठेवा! माह्यं दार तांड्याकडं हाये. तांडा काय उगवतीपेक्षा कमी हाये काय?"

नंगारा एकदा घुमला आणि घर बसलं. प्रत्येक पाय आपल्या दगडावर. एकही खुंटी निघाली नाही.

पुढे नायक सगळ्यांना सांगत होता, की भोजाईनंच असं मांडायला सांगितलं होतं. मीही तेच सांगते. कोणाला कशाला उगाच खरं सांगा?

सोमवारी मशीन आलं. त्याला मोडायला काही मिळालं नाही, दगडही आम्ही आदल्या दिवशीच उचलून नेले होते. त्यानं नुसती जमीन सारखी केली. अमर लगनाला यायचं कबूल करून गेला.

लगनाला दुसरी अडचण आली, बैल. आमच्या तांड्यात आता ट्रॅक्टर आहेत, बैल कोणाकडे नाही. बोरी अरबचा घनश्याम पाटील, कापसाचा शेतकरी, त्याच्याकडे अजून एक जोडी आहे. तो स्वतः तांबडा बैल घेऊन आला, शिंगं रंगवून, पाठीवर झूल टाकून.

"रुपीबाई, ह्याच्या पाठीवर माणूस कधी चढला नाही बरं. लाथ मारली तं मले बोलू नका."

"आमच्या पोरीच्या पायाखाली आला तं सुधरते."

जेवणं ओसरीपुढच्या शेतात झाली. नवरदेवाकडच्या शिकलेल्या लोकांनी घरात शिरून शिरून खुंट्या मोजल्या, फोटो काढले, आणि नवरदेव, प्रेम त्याचं नाव, संजयला म्हणाला, "बाबा, हे घर खोलून आमच्याकडं नेता येईल का?" संजय छाती काढून म्हणाला, "खोलता येत नाही. उचलून नेता येते. तांडा लागते त्याले." जसं काही ही अक्कल त्याचीच होती. मी पुढच्या पंगतीला वाढायला गेले. लगन होतं.

दिवस कलायला आला तसा बैल सडकेपलीकडे नेला, जिथं आमची जुनी ओसरी होती तिथं. सडकेचा भराव तिथपर्यंत आला होता, लाल मुरूम दाबून गुळगुळीत केलेला. मुरमाचे दोन टिप्पर वाटेत उभे होते. अमरनं हात केला, दोघांनी इंजिनं बंद केली. एक ड्रायव्हर टपावर चढून बसला.

रंजिताला बैलावर चढवलं. बैलानं कान हलवले, एक पाऊल सरकला, आणि उभा राहिला. ती त्याच्या पाठीवर सरळ झाली, आरशांचा फेटिया, म्हणजे आमचा घागरा, आणि ओढणी, आणि त्या उन्हात प्रत्येक आरसा पेटलेला. जिथं तिनं पहिलं पाऊल टाकलं, जिथं मी तिला तेल लावून लोळवलं, बरोबर त्याच जागेवर ती उभी होती. पाठीमागे सगळा तांडा दारात उभा. समोर, सडकेच्या त्या बाजूला, तिचं घर. तेच खांब, तेच कवेलू, दार उघडं, आणि दारात तिचा बाप.

तिनं हात वर केले आणि हवेली म्हणायला लागली.

मी शब्द सांगणार नाही. ते शब्द बैलाच्या पाठीवरून ऐकायचे असतात. एवढंच सांगते, की मधे एका ओळीवर ती थांबली, तेव्हा मी पुढचं उचलणार होते. पण माझ्या आधी कोणी तरी उचललं. वळून बघते तर बसंती, पदर तोंडाला लावलेला, आणि पदरामागून गात होती. बेसूर. पण गात होती. मग मीही लागले. मग सगळ्या बाया लागल्या. रंजितानं पुन्हा श्वास घेतला आणि आमच्या सगळ्यांच्या वरून तिचा आवाज निघाला, सडक ओलांडून गेला आणि घरात शिरला.

संजय दारातून ओसरीत आला आणि कोपऱ्यातल्या खांबाला डोकं टेकून रडला. तोच खांब, सिमेंटवाला.

आता सडक पुरी झाली. डांबरी, रुंद, मधे पांढरी रेघ. आमची जुनी चूल बरोबर त्या रेघेच्या अलीकडे होती. गाड्या तिच्यावरून पळतात, त्यांना काय माहीत. संजयचं स्लॅबचं घरही झालं, त्यात तो आणि सून राहतात. उन्हाळ्यात पंखे लावूनही घामाघूम होतात आणि दुपारी उशी घेऊन माझ्या कवेलूखाली झोपायला येतात. मी बाहेर काढत नाही. अमरच्या बाणाची भिंत स्वयंपाकघरात लावली आहे. बाणाच्या टोकाला मी चाळणी टांगते.

मी ओसरीतच बसते. समोर आख्खा तांडा, एकूण एक दार. कोणाकडे पाहुणे आले, कोणाची सून रुसून निघाली, कोण सकाळी उशिरा उठलं, सगळं मला दिसते. नायकाच्या आज्याला दिसलं नसेल एवढं.

काल बसंती आली, सडक ओलांडून, हातात दुधाचा गडवा. धापा टाकत ओसरीत बसली.

"जाऊबाई, तुमच्या ह्या दारापायी मले सकाळी उठून दार उघडलं की पहिले तुमचंच तोंड दिसते."

"मंग? चांगलं तोंड हाये."

"फिरवून घेऊ ना घर. माणसं मी जमवतो."

"जमव," मी म्हटलं. "पण तवा बकरी बांधून ये. ती आताच माह्या भिंतीले घासून राह्यली."